लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य: ६४ दिवसांची कैद आणि टिकून राहिलेले कलम

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी बार्देश तालुक्यातल्या पर्रा गावात पोलीस एका घरी आले आणि डॉमिनिक डिसोझा यांना म्हापसा पोलीस ठाण्यावर घेऊन गेले. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नोंदलेला नव्हता, तक्रारदारही नव्हता. डॉमिनिक नियमित रक्तदान करत. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता, आणि ही गोष्ट त्यांच्याआधी सरकारी यंत्रणेला कळली होती. ठाण्यावरून त्यांना म्हापशाच्या आझिलो इस्पितळात नेण्यात आले आणि तिथून क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या एका इमारतीत, पहाऱ्यात. तिथे ते ६४ दिवस राहिले. त्यांची प्रकृती ठीक होती. औषध द्यावे असे काही नव्हते, आणि दिलेही जात नव्हते.

या कैदेला आधार होता १९८५ च्या गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या कलम ५३ चा. त्या कलमात पुढे दुरुस्तीने एक उपकलम घालण्यात आले होते. रक्ततपासणीत 'एड्स पॉझिटिव्ह' ठरलेल्या व्यक्तीला सरकारने वेगळे ठेवावे, आवश्यक वाटेल तितका काळ आणि आवश्यक वाटतील त्या अटींवर, असा त्याचा आशय. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. 'आवश्यक वाटेल तितका काळ' हे शब्द देवी, पटकी किंवा प्लेगच्या काळात घडलेले आहेत. त्या आजारांत माणूस काही दिवसांत किंवा आठवड्यांत बरा होतो नाहीतर दगावतो, म्हणजे विलगीकरणाला आपोआप शेवट असतो. एचआयव्हीचा संसर्ग आयुष्यभर राहतो. तेव्हा हेच शब्द या विषाणूला लावले की त्यांचा अर्थ जन्मठेप होतो, आणि ती द्यायला न्यायाधीश लागत नाही, आरोग्य खात्याचा एक आदेश पुरतो.

दुसरी गोम 'पॉझिटिव्ह' या शब्दात. एचआयव्हीचा संसर्ग असणे आणि एड्स झालेला असणे या दोन वेगळ्या अवस्था; मध्ये अनेक वर्षे जाऊ शकतात. कायदा लिहिणाऱ्यांनी त्यांची सरमिसळ केली होती. शिवाय त्या काळी वापरात असलेली एलायझा ही चाळणी चाचणी आहे. ती कधीकधी निरोगी माणसालाही बाधित दाखवते, म्हणून तिच्यावर दुसरी खात्रीची चाचणी करायची असते. अशा चाचणीच्या एका निकालावर माणसाला कोंडायची मुभा देणारे कलम किती सैल आहे हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

त्या वेळचे वातावरण लक्षात घेतले नाही तर या प्रकरणातले सगळेच लोक खलनायक वाटू लागतील, आणि ते खरे नाही. भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग १९८६ मध्ये मद्रासला आढळला. गोवा म्हणजे परदेशी पर्यटकांचा किनारा, त्यामुळे इथून रोग देशभर जाईल ही धास्ती सरकारला होती. दिल्लीतही फार वेगळे चालले नव्हते: १९८९ मध्येच राज्यसभेत एड्स प्रतिबंध विधेयक मांडले गेले. त्यातही सक्तीवर भर होता, आणि विरोधानंतर ते मागे घ्यावे लागले. पण 'तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हते' हा बचाव मात्र टिकत नाही. विषाणू १९८३ मध्ये ओळखला गेला होता. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने नाही, हे प्रकरण घडले तेव्हा वैद्यकशास्त्रात स्थिरावले होते. मे १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने एचआयव्ही-बाधितांशी भेदभाव टाळा, असा ठराव केला होता. पर्रात पोलीस दारात उभे राहिले ते त्यानंतर नऊ महिन्यांनी.

आईची याचिका

मुलासाठी कोर्टात गेल्या त्या आई, लुसी डिसोझा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे रिट याचिका दाखल झाली. वकील होते आनंद ग्रोव्हर, जे पुढे एचआयव्हीच्या कायदेशीर लढ्यातले देशातले प्रमुख नाव झाले. बाहेर डॉमिनिक यांचे मित्र आणि रंगभूमीवरचे सहकारी आवाज उठवत होते.

इथे एक कायदेशीर विसंगती सांगायला हवी, कारण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्याच दिवशी म्हापसा पोलिसांनी एखाद्या पाकीटमाराला पकडले असते, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे त्याला अटकेचे कारण सांगावे लागले असते, वकील गाठू द्यावा लागला असता आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागले असते. डॉमिनिक यांना यातले काहीच हक्क म्हणून मिळत नव्हते. कारण १९५२ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध अजैब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की अनुच्छेद २२ चे हे संरक्षण गुन्ह्याच्या किंवा तत्सम आरोपावरून झालेल्या अटकेला लागू होते. आरोपच नसेल तर संरक्षणही नाही! म्हणजे ज्याने काहीच केलेले नाही त्याच्या हाती चोरापेक्षा कमी हक्क. साथीच्या कायद्यांखालच्या प्रत्येक कोंडीत ही पोकळी असते, म्हणूनच अशा प्रकरणांत सगळा भार जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या अनुच्छेद २१ वर आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालातून आलेल्या 'न्याय्य, रास्त आणि वाजवी प्रक्रिये'च्या कसोटीवर येऊन पडतो.

याचिकेतल्या युक्तिवादाची धार या कसोटीवरच होती. एक, ज्या शास्त्रीय समजुतीवर कलम उभे आहे ती चुकीची आहे. हा विषाणू हवेतून किंवा सहवासाने पसरत नाही, तेव्हा माणूस वेगळा ठेवून काही साधत नाही. दोन, कोणाला ठेवायचे, कोणाला नाही, किती काळ, याचे निकष कायद्यात कुठेच नाहीत. सगळा मामला अधिकाऱ्याच्या मर्जीवर. तीन, कोंडण्याआधी ऐकून घेण्याची सोय नाही. आणि चौथा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत भारी होता: असे कलम उलटे काम करते.

त्या चौथ्या मुद्द्यावर थोडे थांबतो. डॉमिनिक सापडले ते रक्तदान करत होते म्हणून. ज्यांनी कधी तपासणी केली नाही, जे कधी रक्तपेढीकडे फिरकले नाहीत, ते सगळे मोकळे होते. म्हणजे कायद्याच्या जाळ्यात नेमका तो माणूस आला ज्याने स्वतःहून बाही वर केली. ही बातमी वर्तमानपत्रात आल्यावर पर्रा, म्हापसा, मडगाव, कुठलाही शहाणा माणूस आपणहून चाचणीला जाईल का? चाचणी टाळली की संसर्ग अंधारात राहतो, आणि अंधारातला संसर्गच पसरतो. इथे व्यक्तीचा हक्क मोडल्याने समाजाचे आरोग्य सुधारत नव्हते, बिघडत होते.

आधी आदेश, मग निकाल

एप्रिल १९८९ मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने डॉमिनिक यांची त्या इमारतीतून सुटका झाली. प्रत्यक्ष हक्करक्षण या प्रकरणात झाले ते एवढेच. अंतिम निकाल डिसेंबरमध्ये आला, आणि तो याचिकेच्या विरोधात गेला.

दरम्यान कलमाची भाषा थोडी सौम्य झाली होती: 'सरकार वेगळे ठेवील' ऐवजी 'सरकार वेगळे ठेवू शकेल'. न्यायालयाने या 'शकेल'ला बरेच वजन दिले. सक्ती नाही, विवेकाधिकार आहे, आणि तो जबाबदार अधिकारी वापरतील, तेव्हा कलम मनमानी म्हणता येत नाही, असा सूर. वास्तविक निकषाविना दिलेला विवेकाधिकार सक्तीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. सक्तीत निदान सगळ्यांना सारखा नियम लागतो. इथे ज्याची ओळख आहे तो घरी आणि ज्याची नाही तो कोठडीत, हे व्हायला किती वेळ लागतो?

शास्त्राबद्दल न्यायालयाची भूमिका अशी की हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, विधिमंडळाने धोरण ठरवले आहे, आणि त्याच्या उपयुक्ततेबद्दल शंका असली तरी न्यायालयाने त्यात हात घालू नये. आधी सुनावणी न देणे हेही अन्याय्य मानले गेले नाही. विलगीकरणाने माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो, त्याचे आर्थिक नुकसान होते, तो समाजात वाळीत पडू शकतो, हे न्यायालयाने स्पष्ट मान्य केले. पण व्यक्तीचा हक्क आणि सार्वजनिक हित यांचा संघर्ष आलाच, तर पहिल्याने दुसऱ्यापुढे नमते घ्यायला हवे, असे म्हणून कलम वैध ठरवले.

या निकालावर टीका करणारे बहुतेक जण या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतात. मला ते तितके गैर वाटत नाही. सर्वसाधारण तत्त्व म्हणून ते अनेक देशांच्या न्यायालयांनी मानलेले आहे. खरी चूक त्याच्या एक पायरी आधी झाली. संघर्ष आहे हे गृहीत धरले गेले. डॉमिनिक यांना कोंडल्याने एक तरी संसर्ग टळतो का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. तो विचारला असता तर सरकारला शपथपत्रावर उत्तर द्यावे लागले असते. त्यांचे रक्त पुन्हा घेऊ नका एवढे रक्तपेढ्यांना कळवणे, त्यांना नीट समजावून सांगणे, सल्ला देणे, यापलीकडे चार भिंतींची गरज का, हे सांगावे लागले असते. उत्तर नव्हतेच. तराजूत एका पारड्यात माणूस ठेवला गेला आणि दुसऱ्यात काय आहे हे न पाहताच ते जड ठरवले गेले.

'तज्ज्ञांचा प्रांत' हा शब्दप्रयोगही तपासून पाहण्यासारखा आहे. तज्ज्ञांचे मत आणि सरकारचे मत एकच असते असे मानले की हा युक्तिवाद बसतो. इथे तज्ज्ञ, जागतिक आरोग्य संघटनेसकट, विलगीकरणाच्या विरुद्ध बाजूला होते. न्यायालयाने तज्ज्ञांपुढे मान तुकवली असती तर याचिका मंजूर झाली असती. मान तुकवली गेली ती प्रशासनापुढे.

शिवाय अनिश्चितता खरोखर असती, तरी तिचा फायदा कोणाला द्यायचा? साथीच्या पहिल्या आठवड्यात, काहीच कळत नसताना, तो सरकारला द्यावा हे मीही मान्य करीन. पण तेव्हाही आदेशाला मुदत हवी, ठरावीक दिवसांनी फेरविचार हवा, वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागण्याची वाट हवी. कलम न पाडताही, हे सगळे त्यात अभिप्रेतच आहे असा अर्थ न्यायालय लावू शकले असते. भारतीय न्यायालये असे नेहमी करतात. १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणातच पासपोर्ट जप्तीनंतर सुनावणी देण्याचे आश्वासन घेऊन मामला मिटवला गेला होता. पणजीत तेवढे झाले असते तरी मोठे काम झाले असते.

बाहेर काय चालले होते

१९८४ मध्ये सिराक्युझा तत्त्वे तयार झाली होती. नागरी हक्कांवर मर्यादा आणायची असेल तर ती कायद्याने ठरवलेली, वैध हेतूसाठी, खरोखर आवश्यक, मनमानी नसलेली आणि उपलब्ध मार्गांपैकी सर्वांत कमी जाचक असावी, हे त्यांचे सार. ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अर्थासाठी ती लिहिली गेली, तो नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला होता.

अशाच कसोटीवर पुढे २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एनहॉर्न विरुद्ध स्वीडन हे प्रकरण निकाली काढले. त्यातला माणूस एचआयव्ही-बाधित होता, त्याच्याकडून एकाला संसर्ग झालेला होता, डॉक्टरांच्या भेटी तो चुकवत होता. म्हणजे डॉमिनिक यांच्यापेक्षा कितीतरी अवघड प्रकरण. तरीही न्यायालयाने दोनच गोष्टी पाहिल्या: रोगाचा फैलाव धोकादायक आहे का, आणि डांबून ठेवणे हा शेवटचा उपाय होता का. पहिल्याचे उत्तर हो. दुसऱ्यावर स्वीडन सरकारला दाखवता आले नाही की सौम्य उपाय करून पाहिले आणि ते फसले. निकाल सरकारविरुद्ध गेला. मला या निकालात शिकण्यासारखे वाटते ते असे की न्यायाधीशांना विषाणूबद्दल स्वतःचे मत बनवावेच लागले नाही. त्यांनी फक्त सरकारकडे हिशेब मागितला.

आपल्याकडे तिथपर्यंत यायला जास्त वेळ लागला, पण पहिले पाऊल याच मुंबई उच्च न्यायालयाने टाकले. १९९७ मध्ये एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला एचआयव्ही चाचणीवरून काम नाकारले गेले. तो काम करायला सक्षम आहे आणि सहकाऱ्यांना त्याच्यापासून खरा धोका नाही, मग केवळ बाधित आहे म्हणून त्याला काढता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ते प्रकरण 'एमएक्स' विरुद्ध 'झेडवाय' या नावांनी छापले गेले आहे. न्यायालयाने याचिकाकर्त्याला नाव लपवून लढण्याची परवानगी दिली. आठ वर्षांपूर्वी गोव्यात ही सोय नव्हती. आईचे आणि मुलाचे नाव कायद्याच्या अहवालांत कायमचे छापले गेले. अनेक माणसे न्यायालयात जात नाहीत ती हरण्याच्या भीतीने नव्हे, ओळखले जाण्याच्या भीतीने. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, ओळख गुप्त ठेवून खटला चालवण्याची तरतूद आली, आणि बाधित व्यक्तीला वेगळे काढणे हा भेदभाव ठरवला गेला.

कोविडच्या काळात हीच कसोटी पुन्हा लागली. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत टाळेबंदीत अडकलेल्या तबलीगी परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांनी रोग पसरवला याला पुरावा नाही आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे त्या निकालात नोंदले आहे. (खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी आदेशाला सहमती देऊन काही निरीक्षणांपासून स्वतःला वेगळे ठेवले, हेही वाचणाऱ्याने पाहावे.) डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडबाधितांच्या दारावर फलक लावण्याची सरसकट पद्धत थांबवली. आणि मे २०२२ मध्ये जेकब पुलियेल प्रकरणात त्याच न्यायालयाने लसीकरणाचे धोरण वैध ठरवले, पण कोणावर लस लादता येणार नाही असेही सांगितले. लस न घेतलेल्यांना सार्वजनिक जागी मज्जाव करणारे निर्बंधही प्रमाणाबाहेरचे मानले, कारण लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो हे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवलेली नव्हती. तज्ज्ञांच्या प्रांताचा आदर इथेही होता. फरक एवढाच की आकडे मागितले गेले.

आज अशी याचिका लिहायची तर

कलमाच्या वैधतेला आव्हान द्यावेच, पण पहिल्या दिवशी मागायचा तो अंतरिम आदेश. साथीच्या प्रकरणात अंतिम निकाल येईपर्यंत माणसाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. विलगीकरणाचा लेखी आदेश कुठे आहे, कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या अहवालावरून तो काढला, खात्रीची चाचणी झाली का, घरी ठेवणे का चालणार नव्हते, पुढचा फेरविचार कधी, हे प्रश्न पहिल्याच सुनावणीत उभे करावेत. सरकारी वकिलाकडे बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नसते. तज्ज्ञ डॉक्टरांचे शपथपत्र सोबत जोडावे, तोंडी युक्तिवादावर विसंबू नये. नाव गुप्त ठेवण्याची विनंती याचिका दाखल करतानाच करावी. एकदा नाव न्यायालयाच्या रोजच्या कार्यसूचीवर छापले गेले की उपयोग नाही.

डॉमिनिक पुढे थांबले नाहीत. नोकरी राहिली नाही, पण बाधितांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्यांनी गोव्यात 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करायला घेतली. मे १९९२ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, प्रभावी औषधोपचार येण्याच्या चार वर्षे आधी.

एक प्रश्न मात्र या प्रकरणात उघडलाच गेला नाही: त्या ६४ दिवसांची भरपाई. बेकायदा कैदेबद्दल रिट याचिकेतच भरपाई देता येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रुदुल शाह प्रकरणात सांगितले होते, म्हणजे वाट उपलब्ध होती. पण कलम वैध ठरल्यावर कैद बेकायदा म्हणता येईना. आणि कलम पडले असते तरी सद्हेतूने केलेल्या कृतीला संरक्षणाची ढाल पुढे आली असती; १८९७ च्या साथरोग कायद्यात ती चौथ्या कलमात आहे, आणि त्यानंतरच्या आरोग्य कायद्यांनी ती तशीच उचलली. प्रामाणिक चुकीसाठी अधिकाऱ्याला वैयक्तिक शिक्षा नको, हे ठीक. पण अधिकाऱ्याला मिळणारे ते संरक्षण राज्यालाही मिळावे का, याचे उत्तर कोविडनंतरही कोणत्या मोठ्या प्रकरणात नेमके मागितले गेलेले माझ्या पाहण्यात नाही.